डोणीच्या दोन वाटा

"मग चोराला चोर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं, बुवा?"

तुळाजीबुवा मठाच्या अंगणात बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

"कोण चोर?"

"इसाक. दर्ग्यातला."

"काय चोरलं त्यानं?"

"माझी चाल."

बुवांनी सुस्कारा सोडला.

"चालच ना? मला वाटलं, घागर नेली. धड अशी एकच घागर उरली आहे आपल्याकडे."

मार्तंडाला हसू आलं नाही. त्याच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत दोन सदरे, एक दुर्बीण आणि चष्म्याचं घर. तो निरोप घ्यायच्या तयारीनंच आला होता.

मार्तंड कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तो मठात राहायला आला. जन्मभर आपण दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, स्वतःचं असं काहीच केलं नाही, ही त्याची खंत होती. मठात आल्यावर त्यानं एक चाल बांधली. ती लोकांना आवडली. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्याची झाली.

चाल होती पाणी वाहण्याची.

डोंगराच्या माथ्यावर एक दगडी डोणी आहे. दिवाळीनंतर ती आटते. तेव्हापासून पुढचा पाऊस येईपर्यंत रानातल्या जीवांसाठी ती हातानं भरायची, असा जुना रिवाज. सकाळी मठाची पाळी, दुपार ढळली की दर्ग्याची. मठ पूर्वेच्या पायथ्याशी, दर्गा पश्चिमेच्या. मठाची माणसं डोक्यावर घागर घेऊन चढतात, दर्ग्याची पाठीवर पाण्याची कातडी पखाल घेऊन. वाट वेगळी आणि वेळही वेगळी, त्यामुळे गाठ पडत नाही. हे असं कुणी ठरवलं, ते आता कुणालाच सांगता येत नाही.

"कुठे ऐकलीस?" बुवांनी विचारलं.

"काल दुपारी. चष्मा माथ्यावर राहिला होता, तो आणायला गेलो. पलीकडच्या वाटेवरून आवाज आला. सुरुवात तीच. मधला खंड तोच. शब्द त्यांचे, चाल माझी."

"चांगली म्हणत होता?"

मार्तंडानं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"अरे, विचारतोय मी. चांगली म्हणत होता का?"

"चांगली म्हणत होता," मार्तंड म्हणाला. "तेच तर."

बुवांनी सूप हलवलं. तांदूळ एका कडेला आले, खडे दुसऱ्या.

"त्याच्यापर्यंत ती गेली कशी?"

"शिमग्यात त्याची शेळी हरवली होती. शोधत इकडे आला. आम्ही घागरी घेऊन निघालो होतो. कुंपणाशी उभं राहून त्यानं सगळं ऐकलं."

"शेळी सापडली का पण?"

"सापडली हो! बुवा, मी काय बोलतोय?"

"चालीबद्दल बोलतोयस. बोल."

"ती ओळ सरळ चढत जाते आणि मध्येच थांबते. एक श्वासभर काही नाही. मग उडी घेते. तो खंड, बुवा... तो खंड कुणाला सुचणार? म्हातारी माणसं त्याची वाट बघत असतात. तो माझा आहे. दुसरं काही नाही माझं."

बुवांनी तांदळात घातलेला हात काढून घेतला.

"मग मी काय करू?"

"आज तो वर येईल तेव्हा तुम्ही त्याला सांगा. ही चाल मार्तंडाची, तू म्हणायची नाहीस. तुमचं तो ऐकेल. नाही सांगितलंत, तर मी जातो."

"कुठे?"

"पुण्याला. मुलीकडे."

"तिथे डोंगर आहे?"

"चौथा मजला आहे. लिफ्ट आहे."

"म्हणजे चढ नाही," बुवा म्हणाले आणि पुन्हा खडे शोधू लागले.

अंगणाच्या कडेला घाणेरी फुलली होती. तिच्यावर काहीतरी भिरभिरत होतं.

"बघ, बघ, शिंजीर!"

मार्तंडानं वळून पाहिलं. रागात होता, पण सवय जात नाही.

"शिंजीर नाही तो."

"नाही कसा? एवढीशी चोच फुलात घातली आहे. पंख दिसत नाहीत इतके हलतायत. अधांतरी उभा राहून मध पितोय."

"पतंग आहे, बुवा. दिव्यावर येतात त्या जातीतला. हा दिवसा हिंडतो. ती चोच नाही, सोंड आहे. पिऊन झालं की गुंडाळून ठेवतो."

"काहीतरीच!"

"जवळ जाऊन बघा. सहा पाय आहेत."

एवढ्यात झुडपाच्या दुसऱ्या अंगाला निळंजांभळं काहीतरी चमकलं.

"आणि तो?"

"तो शिंजीर. तो पक्षी."

"हे दोघे एकमेकांचे कोण?"

"कुणी नाही. दोघांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे झाले, तेव्हा या जगात पंख नव्हते. फुलंही नव्हती."

"म्हणजे भाऊबंद नाहीत?"

"छे."

"आणि तरी याचं तोंड त्याच्यासारखं? तरंगणं त्याच्यासारखं?"

"हो."

बुवांनी सूप खाली ठेवलं. ते उठले. खांद्यावरचं उपरणं काढलं, हातात घेतलं आणि...

"चोर!"

मार्तंड दचकला.

"चोर! चोर!" बुवा उपरणं फडकावत घाणेरीवर धावून गेले. "शिंजिराचं सोंग घेतोस? आमच्या अंगणात? आमच्या डोळ्यांदेखत?"

पतंग उडाला, वर गेला, एक गिरकी घेऊन पुन्हा त्याच फुलावर आला. बुवांनी पुन्हा उपरणं उगारलं. शिंजीर केव्हाच पसार झाला होता.

"बुवा! अहो, काय करता हे!"

"सोड मला. माणूस असो नाहीतर किडा असो, चोरी ती चोरी."

"त्यानं काही चोरलेलं नाही!"

"तुला काय माहीत? तू काय त्याचा वकील आहेस?"

मार्तंडानं उपरण्याचं दुसरं टोक पकडलं. दोघं दोन बाजूंनी ओढू लागले. पतंग मधोमध निवांत मध पीत होता.

"ऐका माझं! फुलाची नळी खोल आहे. मध तळाशी आहे. ज्याला तो हवा, त्याचं तोंड लांब असायला हवं. तिथे बसायला नीट जागा नाही, म्हणून तरंगता यायला हवं. ज्यांना थोडं जमलं, ते थोडे जास्त जगले. त्यांची पोरं जगली. पोरांची पोरं जगली. पतंगांच्या घरात हे वेगळं झालं, पक्ष्यांच्या घरात वेगळं झालं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. फूल तसं होतं, म्हणून दोघं तसे झाले!"

"कुणी कुणाकडे पाहिलं नाही?"

"नाही!"

"शपथ?"

"शपथ कसली मागता? दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायचो. अभिसारी उत्क्रांती म्हणतात हिला."

"नाव झकास आहे."

"मुलं हसायची नावाला," मार्तंड म्हणाला. तोही किंचित हसला.

बुवांनी उपरणं सोडून दिलं आणि पायरीवर बसले.

"आणखी आहेत असे?"

"आहेत तर!"

मार्तंड त्यांच्या शेजारी बसला. पिशवी खांद्यावरून घसरून घाणेरीखाली पडली. ती उचलायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानं पाकोळी आणि भिंगरी या पक्ष्यांचं सांगितलं. दोघींचे पंख कोयतीसारखे, दोघी दिवसभर हवेत किडे टिपणाऱ्या. बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या बहिणी. नातं म्हणाल तर दूरदूरचं. त्यानं माकलीच्या डोळ्याचं सांगितलं. समुद्रातली माकूल, अंगात एक हाड नाही, पण डोळा अगदी माणसासारखा. समोर भिंग, आत पडदा. दोन घराण्यांनी आपापल्या घरी बसून एकच डोळा घडवला.

"म्हणजे बाजारातून जाताना माकूल माझ्याकडे टक लावून बघते," बुवा म्हणाले, "ती ओळखीनं नाही?"

"ती मेलेली असते, बुवा."

"तरीच उत्तर देत नाही."

आता मार्तंड मोठ्यानं हसला. मग त्याला आठवलं, आपण कशासाठी आलो होतो. त्याचा चेहरा बदलला.

"बुवा... मला कळतंय तुम्ही मला कुठे नेताय."

"मी? मी इथेच बसलोय."

"पण ते जमायचं नाही. पतंगानं विचार केला नव्हता. मी केला. चाल काही आपोआप उगवत नाही. मी ती बांधली. खूप विचार करून बांधली."

"बरोबर आहे," बुवा म्हणाले. "घागर घे."

"सकाळीच भरली डोणी."

"पुन्हा भर. आज दर्ग्याच्या विहिरीवरून पाणी घे आणि त्यांच्या वाटेनं चढ. मी येतो बरोबर."

"त्यांच्या विहिरीवर? मी?"

"पाणी चोरायचं नाही, मागून घ्यायचं."

विहिरीवर मागायला कुणी नव्हतंच. इसाक पखाल भरून पुढे गेला असावा, काठावरचा दगड ओला होता. मार्तंडानं इकडेतिकडे पाहत पोहरा सोडला. बुवांनी त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर घागर ठेवली आणि काठी टेकत मागे चालू लागले.

थोडं चढल्यावर ते म्हणाले, "म्हण की."

"काय?"

"चढताना म्हणतोस ते."

"इथे? त्यांच्या वाटेवर? कुणी ऐकलं तर म्हणेल, मीच त्यांची..."

तो थांबला.

"काय म्हणेल?"

"काही नाही. मी माझी चाल इथे म्हणणार नाही."

"मग दुसरी म्हण. आपली जुनी आरती म्हण. बसून म्हणतो ती. तिच्यात तर खंड नाही ना?"

"तिच्यात कुठला खंड? ती म्हणजे तेलाची धार."

"तीच म्हण."

मार्तंडानं आरती सुरू केली. संथ, लांबलचक, एकसारखी. पायवाट आधी सोपी होती. बुवा मागून टाळ्या वाजवत होते, बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी.

अर्ध्या वाटेवर एक सपाटी येते. तिथून खाडीचं मुख आणि समुद्र दिसतो. मार्तंडानं घागर उतरवली. दोघं दम खात उभे राहिले.

पाण्यात एक काळा पर वर आला आणि बुडाला.

"मुशी!" बुवा ओरडले.

"डॉल्फिन."

"झालं. मी काहीही म्हटलं की हा दुसरंच नाव सांगणार. पर मुशीसारखा, अंग मुशीसारखं. तुला इतक्या लांबून काय कळतं?"

"मुशी मासाच, शार्कच्या जातीतली. तिची शेपटी उभी असते. डावीउजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते, वरखाली हलते. त्याचे पूर्वज जमिनीवर राहायचे, चार पायांवर. धावताना पाठ वरखाली वाकायची. पाण्यात आले, पाय गेले, पण पाठ अजून तशीच वाकते."

"पाण्यानं एवढं सगळं बदललं आणि पाठीचं वळण राहिलं?"

"राहिलं. आणि आणखी एक राहिलं. बघत राहा."

पर पुन्हा वर आला. या वेळी वाऱ्याबरोबर आवाजही आला... फस्स.

"श्वास," मार्तंड हळूच म्हणाला. "मुशीला वर यावं लागत नाही. याला यावंच लागतं. अंग पाण्यानं घडवलं, श्वास मात्र घरून आणलेला."

पुढचा फस्स ऐकू येईपर्यंत बुवा कानामागे हात धरून उभे होते. तो आल्यावर लहान मुलासारखे खुदकन हसले.

"चल," ते म्हणाले. "आरती राहिली आहे."

आता चढ लागला. मार्तंड म्हणत होता, पण तेलाची धार राहिली नव्हती. पावलं तोकडी पडू लागली, तसे सूर तोकडे पडू लागले. चढ वाढला, तशी ओळ चढू लागली. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. डोक्यावर घागर असली की माणूस घागरीचाच विचार करतो.

मग कातळाचा पट्टा आला.

हा पट्टा डोंगराला कंबरपट्ट्यासारखा चहूबाजूंनी वेढतो. पूर्वेच्या वाटेवरही तो एवढ्याच उंचीवर आडवा येतो. तिथे मार्तंड रोज सकाळी त्याच्यावर पाय टाकून वर चढतो.

त्यानं पाय उचलून कातळावर ठेवला. घागर सावरायला मान ताठ केली. श्वास रोखला गेला.

ओळ थांबली.

...

गुडघ्यावर जोर आला, अंग वर गेलं, श्वास सुटला. आणि आरतीनं उडी घेतली.

मार्तंड जागच्या जागी उभा राहिला.

"काय झालं?" खालून बुवांनी विचारलं.

"काही नाही."

"मग गप्प का?"

मार्तंड खाली उतरला. चार पावलं मागे गेला. पुन्हा आरती सुरू केली, या वेळी मुद्दाम संथ, मुद्दाम सरळ. कातळाशी आला. पाय ठेवला. ओळ थांबली. अंग वर गेलं. ओळ उडाली.

तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून पाहिले. तेव्हा ओळ नाकातून थांबली आणि नाकातूनच उडाली.

त्यानं घागर उतरवली. कातळासमोर उकिडवा बसला. त्यावर हात ठेवला, जसा गुरांच्या पाठीवर ठेवतात.

"हा..."

"हा काय?"

"हा तो खंड आहे, बुवा."

बुवांनी वाकून कातळ नीट न्याहाळला.

"बराच मोठा आहे," ते म्हणाले.

माथ्यावर इसाक डोणीशी उभा होता. अंगानं आडवा, दाढी नुकती कुठे पांढरी होऊ लागलेली. पाठीवरची पखाल अजून भरलेलीच होती. मार्तंडाला पाहताच त्यानं कमरेवर हात ठेवले.

"या मास्तर, या! बरं झालं आलात. मीच येणार होतो तुमच्याकडे. भांडायला."

"माझ्याशी?"

"मग काय डोंगराशी? सलाम, बुवा. तुम्हीही आलात ते फार चांगलं झालं. तुमच्या या मास्तरांनी आमची चाल उचलली आहे."

"अरे!" बुवांचा चेहरा फुलला. "केव्हा?"

"पौषात. आमच्या चिंचेवरची वटवाघळं बघायला आले होते म्हणे. दुर्बीण वटवाघळांकडे आणि कान आमच्याकडे! मी तेव्हा मनात काही आणलं नाही. शिमग्यात माझी शेळी हरवली, ती शोधत मठाकडे गेलो, तर तुमची माणसं आमचीच चाल म्हणत निघाली होती. मधला खंडसुद्धा! घरी आलो आणि दोन दिवस नीट जेवलो नाही मी."

"शेळीच्या निमित्तानं तू..."

"निमित्त? मास्तर, ती गाभण होती!"

"मग वटवाघळंही खरीच होती! मोठी, फळं खाणारी! एक पिलाला पोटाशी धरून होतं!"

"पोटाशी?"

"मग! ती अंडी घालत नाहीत. पक्षी नाहीत ती, पंख असले तरी..."

बुवा डोणीच्या काठावर बसून पोट धरून हसत होते. बोलता यायला त्यांना वेळ लागला.

"इसाक, तुझी चाल केव्हाची?"

"दिवाळीनंतर डोणी आटली, तेव्हाची. पहिली पखाल उचलली आणि पहिल्याच खेपेत सुरू झाली."

"तुझी, मार्तंडा?"

"दिवाळीनंतरची," मार्तंड म्हणाला. "पहिल्याच..."

शेळी शिमग्यातली. वटवाघळं पौषातली. इसाकनं बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं आणि हात पाठीमागे घेतला.

"असं होईलच कसं?" तो म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "तो खंड मला स्वप्नात आला. पीरबाबांनी दिला. मी सगळ्यांना तसं सांगितलंय."

"स्वप्नात नाही," मार्तंड म्हणाला. "गुडघ्यात आला."

"काय?"

"चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"खाली. पखाल राहू दे पाठीवर."

"अहो, आत्ताच चढलोय!"

मार्तंडानं त्याचं मनगट धरलं आणि घागर डोक्यावर घेऊन निघाला. तो वर्गात शिरताना कसा दिसत असेल, ते बुवांना तेव्हा कळलं असावं.

कातळाखाली त्यानं इसाकला उभं केलं. "म्हण. काहीही म्हण. लग्नातलं गाणं म्हण." इसाकनं म्हटलं. पाय कातळावर पडला आणि लग्नातलं गाणं मध्येच अडकलं. इसाकनं कातळाकडे पाहिलं, मार्तंडाकडे पाहिलं आणि चक्क कातळाला एक लाथ घातली.

"पीरबाबा, माफ करा," तो म्हणाला. "तुमचं नाव मी उगाच घेतलं."

मग त्याला हसू फुटलं. ते त्याच्या पाठीवरच्या पखालीतही हललं, आत पाणी डुचमळलं.

"आता एकत्र म्हणू," मार्तंड म्हणाला. "आपली."

"आपली म्हणजे तुमची का माझी?"

"म्हण रे!"

दोघं चार पावलं मागे गेले आणि बरोबर निघाले. एक ताठ, डोक्यावर घागर. एक कमरेत वाकलेला, पाठीवर पखाल. शब्द वेगळे होते, सुरुवात एकच होती. दोघांचे पाय एकदम कातळावर पडले. दोन्ही आवाज एकदम थांबले.

...

आणि सुटले.

मार्तंडाचा वर गेला. इसाकचा खाली.

"चुकलास!" मार्तंड ओरडला.

"चुकलो कुठे? माझी अशीच आहे. पाठीवर एवढं ओझं घेऊन वाकल्यावर आवाज काय आभाळात जाईल? तुमचीच चुकली."

"माझी मान ताठ असते, म्हणून ती वर..."

मार्तंडाचे डोळे मोठे झाले.

"शेपटी!"

"आं?"

"एकाची उभी, एकाची आडवी! काल लांबून ऐकलं, मला फरकच कळला नाही! इसाक, शेपटी!"

इसाकनं वर पाहून हाक दिली. "बुवा! मास्तरांना ऊन लागलं वाटतं!"

"जुनंच आहे ते!" वरून उत्तर आलं. "पुन्हा म्हणा!"

त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मग पुन्हा. दोन आवाज एका ठिकाणी थांबायचे आणि तिथून एक वर, एक खाली असे फुटायचे, आणि मधे जी जागा पडायची, तिच्यात सगळा डोंगर मावेल असं वाटायचं. हे वाटणं कुणाचं, ते मला सांगता येत नाही. बुवा डोळे मिटून बसले होते. डोणीवर पाणी प्यायला आलेले होले उडाले नाहीत, एवढं मात्र नक्की.

दोघं वर पोहोचले तेव्हा घागर निम्मी रिकामी होती आणि पखालीचं तोंड सुटलं होतं. दोघंही चिंब झाले होते. उरलेलं पाणी त्यांनी डोणीत ओतलं आणि काठाला टेकून हसत राहिले. हसणं थांबलं तरी दम थांबेना.

इसाक म्हणाला, "मास्तर, उद्या सकाळी मी तुमच्या वाटेनं येऊ? पखाल घेऊन?"

"ये. आणि दुपारी मी तुझ्या."

पिशवी खाली घाणेरीखाली पडली होती. पुण्याचं नाव कुणी काढलं नाही.

ऊन पिवळं झालं. पाणी ओतताना उडालेले होले परत डोणीवर आले. मार्तंड त्यांच्याकडे बघत राहिला. दम घेतच त्यानं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, पण थोडी भीती होती.

"बुवा... चढ डोंगराचा. खंड कातळाचा. वर जाणं घागरीचं. मग या चालीत माझं काय होतं?"

बुवा उठले. त्याच्याजवळ आले. त्यांनी आपला तळवा त्याच्या छातीवर ठेवला. ओल्या सदऱ्याखाली छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तिच्याबरोबर बुवांचा हातही वरखाली होत होता.

इसाक आपला श्वास आवरून बघत राहिला.

बुवांनी हात तसाच राहू दिला... राहू दिला...

"आणि ही धाप कुणाची रे?"